दार उघडणारा आणि दारात उभे असलेले

परवा रात्री 'द मॅम्बो किंग्ज' तिसऱ्यांदा बघितला. १९९२ चा सिनेमा. क्युबातल्या हवानातून न्यूयॉर्कला आलेले सेझार आणि नेस्तोर हे दोघे भाऊ दिवसा मांसाच्या कारखान्यात राबतात आणि रात्री मॅम्बो, म्हणजे क्युबन नाचाचं संगीत, वाजवतात. थोरला गातो, तालाला पक्का, तोंडाने फटकळ. धाकटा ट्रम्पेट वाजवतो आणि हवानात राहून गेलेल्या मारियावरचं एकच गाणं घासत बसतो. मूळ कादंबरीत तर तो ते बावीस वेळा लिहितो! पुढे भावांची भांडणं, दारू, अपघात. मेलोड्रामा आहे, मान्य. मला मेलोड्रामा चालतो.

पण माझा जीव अडकलाय तो मधल्या एका दृश्यात. देसी आर्नाझ, हा खरोखरचा क्युबन गायक आणि अमेरिकन टीव्हीचा तारा, त्यांचं गाणं ऐकतो आणि दोघांना आपल्या 'आय लव्ह ल्युसी' या विनोदी मालिकेत बोलावतो. मालिकेत ते कोण? रिकीचे, म्हणजे आर्नाझच्याच पात्राचे, क्युबाहून आलेले नातलग. दोघे दारात उभे राहतात आणि दार उघडते ती खुद्द ल्युसिल बॉल, मालिकेतली ल्युसी आणि आर्नाझची तेव्हाची खरीखुरी बायको. ती तर सिनेमा येण्याआधीच, १९८९ मध्ये गेली होती. तिच्या जुन्या चित्रफितींचे तुकडे नव्या चित्रणात बसवलेत. भाऊ आत येतात, गाणं होतं, संपतं. ज्या कीर्तीसाठी एवढा आटापिटा केला ती एवढीच: दुसऱ्याच्या विनोदी मालिकेत, दुसऱ्याच्या दिवाणखान्यात, पाहुणे म्हणून.

हे दृश्य लोकांना गोड वाटतं. मला ते अख्ख्या सिनेमातलं सगळ्यात उदास दृश्य वाटतं, आणि त्याचं कारण आर्नाझ. हा माणूस क्युबातल्या सान्तियागोच्या महापौरांचा मुलगा. १९३३ च्या क्रांतीत वडील तुरुंगात गेले, घरदार गेलं, आणि मायामीत आल्यावर या पोराने पोटासाठी कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे साफ केले. पुढे गळ्यात कोंगा हा उंच ढोल अडकवून 'बाबालू' गात तो अमेरिकेच्या घराघरांत पोचला. 'बाबालू' हे आफ्रिकेतून गुलामांसोबत क्युबात आलेल्या एका देवाला घातलेलं साकडं आहे, हे त्या घरांपैकी कितींना ठाऊक असेल? म्हणजे दार उघडून देणारासुद्धा त्या घरात तसा पाहुणाच. फक्त जरा आधी आलेला.

सिनेमात आर्नाझचं काम केलंय त्याच्या मुलानेच, देसी आर्नाझ ज्युनियरने. हा मुलगा जन्मला १९ जानेवारी १९५३ ला, आणि त्याच रात्री मालिकेतल्या ल्युसीलाही मुलगा झाल्याचा भाग दाखवला गेला. जन्मतःच टीव्हीशी जोडला गेलेला मुलगा चाळिशीला टेकताना बापाचे कपडे घालून गाववाल्यांना आत घेतोय. हे कुणी पटकथेत लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, अति झालं.

आता तक्रार. पडद्यावरचे हे दोन्ही क्युबन क्युबन नाहीतच. आर्मंड असांते न्यूयॉर्कचा, अँतोनियो बांदेरास स्पेनच्या मालागाचा. बांदेरासला तेव्हा इंग्रजी येत नव्हतं, संवाद नुसत्या उच्चारांवरून पाठ केले होते. गंमत म्हणजे ते त्याच्या पथ्यावरच पडलं. शब्द जपून ठेवत बोलणारा नेस्तोर खरा वाटतो. त्यामुळे निवडीबद्दल मी फार भांडणार नाही. भांडण रंगाबद्दल आहे. न्यूयॉर्कमध्ये हे संगीत उभं केलं माचितो आणि मारिओ बाउसा यांनी. दोघे हवानाचे, दोघे कृष्णवर्णीय, आणि १९४० मध्ये वाद्यवृंद काढला तेव्हा नाव ठेवलं 'आफ्रो-क्युबन्स'. त्या काळात, त्या देशात, छातीठोकपणे! ब्रॉडवे आणि ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पॅलेडियम या नाचघरात पोर्तोरिकन, ज्यू, इटालियन, कृष्णवर्णीय सगळे एका फरशीवर नाचायचे ते या लोकांच्या जिवावर. सिनेमात पॅलेडियम आहे. साठी ओलांडलेला मॅम्बोचा बादशहा तितो पुएन्ते स्वतःचीच तरुणपणची भूमिका करत झकास टिंबालेस (ताशासारखी ढोलांची जोडी) वाजवतो. पण गोष्ट मात्र दोन देखण्या, गोऱ्या भावांची.

अपवाद क्युबन गायिका सेलिया क्रूझचा. तिची भूमिका छोटी आहे, पण ती गायला लागली की भाऊ फिके पडतात. नेस्तोरचं 'परत जाता येत नाही' हे मनातलं आहे. पन्नाशीच्या दशकात हवाना तशी जवळच होती. सेलिया क्रांतीनंतर १९६० मध्ये क्युबातून बाहेर पडली आणि १९६२ मध्ये आई वारली तेव्हा तिथल्या सरकारने तिला शेवटचं बघायलाही येऊ दिलं नाही. तो चेहरा पडद्यावर आल्यावर अभिनय वगैरे शब्द मला सुचत नाहीत.

ही लाट आपल्याकडेही आली होती, म्हणून थोडं विषयांतर. १९५१ चा 'अलबेला' आठवा. संगीत सी. रामचंद्र, म्हणजे आपले चितळकर अण्णा, आणि त्यांच्या सोबतीला गोव्याचा ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. 'शोला जो भडके'तला बोंगो ऐका. तिकडे पॅलेडियम गाजत होतं तेव्हा इकडे मुंबईत भगवानदादा त्याच संगीताच्या चुलतभावावर नाचत होते. गोव्याहून येऊन धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक खोल्यांत, राहणाऱ्या वादकांची नावं तरी किती जणांना माहीत आहेत?

कादंबरीचे लेखक ऑस्कर इहुएलोस यांना १९९० चं पुलित्झर मिळालं, कथासाहित्यासाठी ते मिळवणारे ते पहिले लॅटिनो. लहानपणी आजारामुळे घरापासून लांब इस्पितळात राहिले आणि तिथून परतले ते स्पॅनिश हरवून. आईबापांच्या भाषेतलं गाणं त्यांनी इंग्रजीत बावीस वेळा लिहून घेतलं ते एका ट्रम्पेटवाल्याकडून. माझा भाचा न्यू जर्सीत वाढतोय, त्याला आजीचं बोलणं कळतं पण उत्तर इंग्रजीत येतं. असो.

शेवटी सेझार स्वतःच्या छोट्याशा क्लबात ते मारियाचं गाणं गातो. नेस्तोर आता नाही. मारिया मागे का राहिली हे सेझारला पहिल्यापासून ठाऊक होतं, भावाला त्याने ते सांगितलं फार उशिरा. तो डोळे मिटून गातो, आणि मी गाणं संपू न देता रिमोट उचलते, मागे जाते, आणि ते दोघे दारात उभे आहेत तिथून परत लावते.