वजन किलोभर, म्हणून झाला का लॅपटॉप चांगला?

ऑफिससाठी पातळ लॅपटॉप निवडायचा म्हटलं की पणजीच्या पाटोपासून मडगावपर्यंत तेच. हातात उचलतात, ‘किती हलका!’ म्हणतात, आणि ऑर्डर जाते. अरे, याला पारखणं म्हणतात?

‘18 तास बॅटरी’ हा आकडा बहुतेकदा मंद स्क्रीनवर नुसता व्हिडिओ चालवून काढलेला असतो. साधा भागाकार करा: 50 वॉट-अवरची बॅटरी, व्हिडिओ कॉल आणि ब्राउझर मिळून 10 वॉट खर्च, म्हणजे 5 तास. पावसाळ्यात वीज गेली की हे 5 तासच कामाचे.

वेगाचंही तसंच. इंटेलचा कोअर आय7-1255यू हा प्रोसेसर थोडा वेळ 55 वॉटपर्यंत ओढतो, पण त्याची मूळ मर्यादा 15 वॉट. अगदी छोटी चाचणी मुख्यतः ती उसळीच मोजते. एसी बंद करा, चार्जर लावा, अर्धा तास सलग भार द्या आणि वेग कुठे स्थिरावतो ते बघा. मे महिन्यात पणजीत पंख्याखाली बसणाऱ्याला तोच वेग मिळणार. चाचणी मात्र गारेगार शोरूममध्ये!

सगळ्यात संताप येतो तो रॅमचा. पातळपणापायी ती बहुतेकदा बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली, नंतर वाढवता येत नाही, तरी 8 जीबी घेतात. 16 घ्या हो! चार्जिंगचं टाइप-सी पोर्टही बघा, ते मदरबोर्डावरच असेल तर पोर्ट सैल झाल्यावर दुरुस्ती महागात जाते. आणि 250 निट्सची (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) स्क्रीन बाल्कनीत उघडून बघा, अक्षर दिसत नाही.