एक स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : तुमची गाडी 112 किलोमीटर का चालवली

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. शनिवारी संध्याकाळी गाडी देतो म्हणालो आणि रविवारी दुपारी दिली, ही चूक माझीच.

पण तुम्ही लिहिलंय, "तीन दिवस गाडी अडकवली, माझं पेट्रोल जाळून तुळजापूरपर्यंत हुंदडून आले, पोरगं लॅपटॉपवर खेळत बसलं, शेवटी एक पाइप बदलून 4760 रुपये घेतले आणि एव्हरेज तेवढंच." यातलं "हुंदडून आले" मला फार लागलं. होटगी रोडला इतकी वर्षं गॅरेज चालवतोय, गिऱ्हाइकाच्या गाडीत बसून मी कधी चहालासुद्धा गेलेलो नाही.

गाडी शुक्रवारी दुपारी 4 ला आली, रविवारी 1 ला तुमच्या ताब्यात दिली. हे 45 तास होतात. रविवारी आमचं गॅरेज बंद असतं, तुमच्यासाठी उघडलं.

आता वेळ का लागला ते सांगतो. तुम्ही दुसरीकडून मोठ्या पाइपाचा ओपन एअर फिल्टर बसवून आणला होता आणि त्याप्रमाणे ट्यूनिंग हवं होतं. पाइप रुंद झाला की आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो मीटरला हवा खऱ्यापेक्षा कमी दिसते आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने पेट्रोल कमी सोडतो. मग सायलेन्सरच्या बाजूचा ओटू सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन बघणारा, सांगतो की गाडी लीन चाललीय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू वरून पेट्रोल वाढवतो. या वाढवण्या-कमी करण्यालाच फ्युएल ट्रिम म्हणतात. शॉर्ट टर्म म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती आणि लाँग टर्म म्हणजे गाडीला लागलेली सवय. आम्ही मॅप, म्हणजे किती हवेला किती पेट्रोल याचं ईसीयूमधलं कोष्टक, दुरुस्त करतो तो दोन्हींची बेरीज बघून.

शुक्रवारी संध्याकाळी स्कॅनर लावला तर लाँग टर्म सगळीकडे शून्य. असं कोऱ्या पाटीसारखं चालत्या गाडीत सहसा दिसत नाही. मी तुम्हाला विचारलं, "बॅटरी काढली होती का?" तुम्ही नाही म्हणालात. बॅटरीच्या टर्मिनलवर ॲम्प्लिफायरची नवी कोरी वायर दिसत होती. शनिवारी सकाळी फोनवर तुम्हीच म्हणालात की हो, गुरुवारी रात्री स्पीकरवाल्याने काढली होती. साहेब, बॅटरी काढली की बऱ्याच गाड्यांमध्ये ती सवय पुसली जाते. मग गाडी गरम करून, वेगवेगळ्या वेगाने चालवून ती पुन्हा लागू द्यावी लागते. हे आधी कळलं असतं तर अर्धा दिवस वाचला असता. तुम्हाला दोष देत नाही, पण रिव्ह्यूमध्ये हे कुठेच नाही.

शनिवारी सात रस्ता, विजापूर रोड असे 18 किलोमीटर फिरवली. आयडलिंगला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, बेरीज अधिक 19 टक्के, म्हणजे ईसीयू तेवढं पेट्रोल वाढवत होता; 2500 आरपीएमला अधिक 8. खरं तर इथेच घाई केली असती तर संध्याकाळी गाडी देता आली असती. 19 चा आकडा मॅपमध्ये टाकायचा, बिल घ्यायचं, नमस्कार. पण आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, याचा अर्थ एअर फ्लो मीटरच्या पुढे कुठूनतरी, न मोजता, चोरून हवा शिरतेय. आयडलला इंजिन हवा कमी घेतं, म्हणून तेवढीशी चोरीही मोठी दिसते. गळती शोधायला आत धूर सोडून बघितलं तर इंटेक मॅनिफोल्डकडे (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांकडे) जाणारा व्हॅक्यूमचा पाइप खालून चिरलेला. तुम्ही म्हणता तो "एक पाइप" हाच, 260 रुपयांचा. तो बदलल्यावर आयडलचे 19 उतरून 9 वर आले. मी 19 टाकून गाडी दिली असती आणि नंतर कुणी तो पाइप बदलला असता, तर आयडलला गाडी रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, झाली असती आणि ट्रिमला उलटं ते कमी करत बसावं लागलं असतं.

राहिलेले 8-9 टक्के फिल्टरचे. ते एअर फ्लो मीटरच्या टेबलमध्ये (हवेच्या मापाच्या कोष्टकात) 1.08 ने गुणून भरले. ते बरोबर बसलंय का हे गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर कळत नाही. सपाट हायवे पाहिजे, एकसारखा 80 चा वेग पाहिजे आणि चढावर लोड पाहिजे. सोलापुरात चढ कुठला आणू? म्हणून रविवारी सकाळी साडेसहाला तुळजापूरचा घाट चढून परत आलो, 94 किलोमीटर. सगळीकडे बेरीज उणे 2 ते अधिक 3 च्या आत होती. पेट्रोल 800 रुपयांचं मी माझ्या खिशातून टाकलं, बिलात लावलेलं नाही. बिल बघा : ठरलेले 4500 आणि पाइपाचे 260.

शनिवारी रात्री 9 ला मी मेसेज टाकला होता, "सकाळी रोडवर नेतो." निळ्या खुणा झाल्या, उत्तर आलं नाही, मी होकार समजलो. फोन करायला हवा होता. ते चुकलं.

एव्हरेज वाढणार नाही हे तर गाडी कामाला घेण्याआधीच सांगितलं होतं. ट्रिम आधीपासून पेट्रोल वाढवून गाडी बरोबर चालवतच होतं, त्यामुळे जाणारं पेट्रोल जवळपास तेवढंच राहतं. फरक पडतो तो सकाळच्या स्टार्टिंगला आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबल्यावर, जिथे ईसीयूला दुरुस्ती करायला सवडच मिळत नाही. फुल थ्रॉटलला तर बऱ्याच गाड्यांत तो ओटू सेन्सरकडे बघतही नाही. तिथे हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा वाइडबँड मीटर लावल्याशिवाय पॉवरसाठी काही छेडायचं नाही, हे माझं तत्त्व आहे.

आणि ते "पोरगं" माझा पुतण्या आहे. आयटीआय केलंय त्याने. लॅपटॉपवर तो तुमच्याच गाडीचा लॉग, म्हणजे चालवताना नोंदलेले आकडे, बघत होता. चार गिऱ्हाइकांसमोर तुम्ही त्याला बोललात, तेव्हा तो काही बोलला नाही, मीही गप्प बसलो.

यापुढे गाडी रोडवर नेण्याआधी फोन करून विचारायचं आणि किलोमीटरच्या आकड्याचा फोटो पाठवायचा, असं ठरवलंय. बाकीही सुधारणा करतोच आहोत.

तुमच्या गाडीची लॉग फाइल वेळेसकट ठेवली आहे आणि चिरलेला पाइपही टाकलेला नाही. सोमवार ते शनिवार 10 ते 8 कधीही या. येताना बॅटरी मात्र काढू नका.