पंपाची उचकी

मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, जाहिरातीत सूर्यास्त असतो, घडीच्या खुर्च्यांत बसलेलं हसरं जोडपं असतं, पायाशी कुत्रा असतो. पलंगाची फळी उचलून, दातांत टॉर्च धरून उताणा पडलेला नवरा कुठल्याच जाहिरातीत नसतो. आमच्या सहलीत मात्र सूर्यास्तापेक्षा तोच जास्त वेळा दिसला.

फीनिक्सहून २५ फुटी गाडी भाड्याने घेऊन आम्ही अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उत्तर टोकाला, पेज गावी गेलो होतो. सोबत सोलापूरहून आलेले सासू-सासरे. दुपारी ग्लेन कॅन्यन धरण पाहिलं. ७१० फूट उंच भिंत, मागे लेक पॉवेलचा निळा पसारा. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आपलं उजनीही काही कमी नाही. हे जरा उंच आहे, इतकंच."

एवढं पाणी डोळे भरून पाहिलं आणि त्याच पाण्याकाठी, लोन रॉकच्या वाळूत मुक्काम टाकला. चहाचं आधण ठेवायला नळ सोडला. नळ आधी खाकरला, मग फुर्रर्र, मग चमचाभर पाणी.

घरी पाणी गेलं की शेजारी विचारता येतं, "तुमच्याकडे येतंय का हो?" त्यांच्याकडेही नसेल तर निम्मं दुःख तिथेच हलकं होतं. इथे ती सोय नाही. धरणही आपलंच, व्हॉल्व्हमनही आपणच आणि हंडा घेऊन मोर्चा काढायचा तर तोही आपल्यावरच! तसा मामला सरळ आहे. दीडशे लिटरची टाकी, १२ व्होल्टचा पंप. नळ सोडला की नळीतला दाब उतरतो, पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो, पंप थांबतो. सरळ गोष्टी बिघडल्या की जास्त छळतात, हे माझं जुनं मत आहे.

पॅनेल म्हणत होतं टाकी भरलेली आहे. बाबांनी पलंगाखालच्या टाकीवर टिचक्या मारल्या आणि "अर्धी" असा निकाल दिला. मी बाबांवर विश्वास ठेवला. असल्या गाड्यांतले पातळी दाखवणारे ते चार दिवे सणासुदीला लावावेत, पाण्यासाठी बघू नयेत. भाड्याच्या कंपनीला फोन केला, तर पलीकडच्या मुलीने टाकीत पाणी आहे का, पंपाचं बटण चालू आहे का, असं विचारलं आणि या संभाषणाला पाचपैकी किती गुण द्याल, असंही विचारलं.

नवरा पलंगाखाली शिरला. कुठेही ओल नव्हती आणि तिथेच खरी मेख होती. पंपाच्या अलीकडची, म्हणजे टाकीकडची, गळती सहसा ओली नसते. तिथे पंप पाणी ओढत असतो. फट असली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक प्लास्टिकची छोटी वाटी असते, तिच्यात स्टीलची जाळी. ती वाटी अर्धा आटा सैल होती. उघडली तर जाळीवर पांढऱ्या प्लास्टिकच्या बारीक, गोल वळलेल्या साली. कारखान्यात टाकीला भोकं पाडताना आत पडलेल्या, अजून तिथेच फिरत होत्या. जाळी धुतली, रबरी रिंग नीट बसवली, वाटी आवळली. पाणी आलं, चहा झाला. नवऱ्याने जाहिरातीतल्या माणसासारखे पाय पसरले.

रात्री पंपाला उचकी लागली. सगळे नळ बंद, तरी टर्र. गप्प. दहा मिनिटांनी पुन्हा टर्र. आणि पंप नेमका आईंच्या उशीखाली.

"कोणीतरी आठवण काढतंय त्याची," म्हणत त्यांनी एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. धाकट्या वन्सांच्या नावाला पंप गप्प झाला. सोलापुरात दुपारच होती, त्यामुळे लगेच फोन करून त्यांची खुशाली विचारण्यात आली. फोन चालू असतानाच टर्र.

"बटण बंद करा की रे त्याचं!" बाबा अंधारातून ओरडले. झोपताना ते बंदच ठेवायचं असतं, हे माहितीपुस्तकातही लिहिलेलं असतं. पण माहितीपुस्तक कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी पेजमधल्या नळजोडणीच्या कॅम्पग्राउंडवर गेलो. होजला दाब कमी करणारा पितळी तुकडा लावला (तो विसरला तर गाडीतल्या नळ्यांचं काही खरं नाही), पंप बंद ठेवला आणि धरण पुन्हा एकदा बघून आलो. परतलो तर गाडीखाली तळं. शेजारच्या गाडीतले आजोबा काळजीने उभे. टाकी आम्ही भरलीच नव्हती, तरी भरून वाहत होती! म्हणजे उचकीचं कारण सापडलं. पंपातली पाणी उलट जाऊ न देणारी झडप नीट मिटत नव्हती. रात्री नळीतलं पाणी तिच्यातून टाकीत परतायचं, दाब उतरायचा, पंप दचकून उठायचा. आता बाहेरच्या नळाचं पाणी त्याच वाटेने टाकीत शिरत होतं. गरम पाणी कोमट का येतं, तेही जाता जाता कळलं. बाहेरच्या शॉवरच्या कप्प्यातले दोन्ही नळ उघडे होते, फक्त शॉवरचं तोंड बंद होतं, आणि गार पाणी तिथून गरमच्या नळीत घुसत होतं. पण कोमट पाण्यात आता कोणाला रस होता?

नवा पंप मिळायला फीनिक्सच गाठायचं होतं. नवरा हिरमुसला. बाबा मात्र खुलले. अख्खं आयुष्य सोलापुरात गेलेलं, तिथे पाणी दिवसाआड नाही, दिवसांआड येतं. त्यांनी तिथल्या तिथे वेळापत्रक लावलं: सकाळी साडेसहा ते सात, संध्याकाळी साडेसहा ते सात. बाकी वेळ बाहेरचा नळ बंद.

पहाटे गाडीच्या पत्र्यावर थाप पडली. "पाणी आलं!" आतून आईंनी तेच वरच्या पट्टीत म्हटलं. पातेली, कुकर, थर्मास, नवऱ्याची बर्फाची पेटी, सगळं भरलं. गोंधळाने शेजारचे आजोबा बाहेर आले आणि कॅम्पग्राउंडचं पाणी बंद होणार आहे का, असं त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी आपल्या इंग्रजीत गंभीरपणे सांगितलं, "भरून ठेवलेलं बरं."

संध्याकाळी साडेसहाला त्यांच्या दारातही दोन बादल्या होत्या.