ट्रोपोनिन वाढले म्हणजे हार्ट अटॅकच का?

व्हॉट्सॲपवर गावोगाव फिरणारा एक संदेश सांगतो की, छातीत दुखले तर फक्त रक्तातले ट्रोपोनिन तपासावे. वाढलेले असेल तर हार्ट अटॅक नक्की, नॉर्मल असेल तर हृदय ठणठणीत, आणि ईसीजीवर पैसे घालवू नयेत. यातली तिन्ही विधाने चुकीची आहेत.

पहिले विधान. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतले प्रथिन आहे आणि पेशींना इजा झाली की ते रक्तात उतरते. इजा कशाने झाली, हे मात्र ते सांगत नाही. हृदयाच्या धमनीत गुठळी अडकणे हे एक कारण झाले. पण हृदयस्नायूचा दाह, फुप्फुसात अडकलेली गुठळी, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग किंवा हार्ट फेल्युअर यांतही ते वाढते, आणि मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात तर महिनोन्‌महिने वाढलेलेच राहू शकते. आपल्याकडचे उदाहरण शेताच्या बांधावरच आहे. लाल विंचवाच्या विषाने शरीरात ॲड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो आणि धमन्या मोकळ्या असलेल्या तरुणाच्याही हृदयाला इजा होते. अशा रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातल्या देहेडचे. त्यांचे काम मात्र कोकणात, महाडला झाले. विंचूदंशाच्या रुग्णाचा केवळ ट्रोपोनिनचा आकडा पाहून त्याला गुठळी विरघळवणारे औषध दिले, तर लाभ शून्य आणि रक्तस्रावाचा धोका तेवढा पदरात पडेल. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार हार्ट अटॅक म्हणण्यासाठी आकड्यात चढ किंवा उतार दिसावा लागतो, आणि जोडीला लक्षणे, ईसीजी किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) यांपैकी कशात तरी रक्तपुरवठा तुटल्याचा पुरावा लागतो.

(आकड्यांची तुलना करताना एकक जरूर पाहावे. एका प्रयोगशाळेचे मिलिलिटरमागे ०.०४ नॅनोग्रॅम आणि दुसरीचे लिटरमागे ४० नॅनोग्रॅम हे एकच प्रमाण आहे. ‘हजारपट वाढले’ म्हणून घाबरण्याचे कारण नाही.)

दुसरे विधान अधिक घातक आहे. नेहमीच्या चाचणीत ट्रोपोनिन दिसू लागायला तीन-चार तास लागतात. संध्याकाळी सहाला कळ आली आणि सातला रक्त घेतले, तर अहवाल नॉर्मल येणे अगदी शक्य आहे, आणि ‘गॅस असेल’ म्हणून घरी परतलेला माणूस रात्री कोसळू शकतो. अतिसंवेदनशील चाचणीतही बहुधा एक ते तीन तासांनी दुसरा नमुना घ्यावा लागतो. शिवाय अस्थिर अंजायनात (हृदयाला रक्त कमी पडून विश्रांतीतही छातीत कळ येते, त्या आजारात) धमनी धोकादायकरीत्या अरुंद झालेली असूनही ट्रोपोनिन वाढत नाही.

तिसऱ्याबद्दल थोडक्यात. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी पहिल्या दहा मिनिटांत काढावा असा दंडक आहे, आणि त्यात ठरावीक बदल दिसले तर ट्रोपोनिनची वाट न पाहता उपचार सुरू करतात. किनवटसारख्या तालुक्याच्या गावाहून नांदेडचे मोठे रुग्णालय गाठायलाच दोन तासांहून अधिक वेळ जातो. ईसीजी तालुक्यातच निघाला, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन गाडी निघण्याआधी देता येते.