गन काढा की हो!

आत्ताच घरी आलेय. उद्यापर्यंत राग उतरेल आणि मग मी समजूतदारपणे काहीतरी मिळमिळीत लिहीन, म्हणून आत्ताच लिहितेय.

परतीच्या वाटेवर माझ्या इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी ९ टक्क्यांवर आली. शेजारी आई. घर अजून ६० किलोमीटर. फास्ट चार्जर सापडला, दोन गनांचा (गन म्हणजे केबलच्या टोकाचा, गाडीत खोचायचा प्लग). एक गन बंद. दुसरी एका पांढऱ्या गाडीला लावलेली. स्क्रीनवर ८६ टक्के. गाडीत कोणी नाही, आजूबाजूला कोणी नाही, काचेवर फोन नंबर नाही.

"येईल आता," मी आईला म्हटलं.

"कोण?" आई.

८७.

ज्यांच्याकडे ही गाडी नाही त्यांच्यासाठी सांगते, म्हणजे माझी तडफड कळेल. घागर गळ्यापर्यंत भरत आली की आपण नळ बारीक करतो ना? बॅटरीचंही तसंच. ८०च्या आसपास सेलचं व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकायला लागतं, मग गाडी स्वतःच करंट कमी मागते. ६० किलोवॅटचं यंत्र, आणि ती पांढरी गाडी त्यातून घेत होती जेमतेम १४ किलोवॅट. १० ते ८० टक्के व्हायला जेवढा वेळ लागतो, जवळपास तेवढाच बऱ्याच गाड्यांना शेवटच्या २०साठी लागतो. माझी ९ टक्केवाली त्याच गनवर घटाघटा प्यायली असती. पण नाही. साहेबांना घागर काठोकाठ हवी.

आणि गन आपण काढूही शकत नाही, चार्जिंग चालू असताना ती गाडीला लॉक असते. नुसतं बघत बसायचं. मी बसले. तोवर त्या चार्जरचं ॲप उतरवलं, कारण फोनमध्ये असलेली चार ॲप या पाचव्याच्या चार्जरवर चालत नाहीत. ओटीपी येईना. वॉलेटमध्ये आधी पैसे भरा. पेट्रोल भरायला कुणी कधी ओटीपी मागितला होता का?

८९.

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीवाल्यांनो, कमेंटमध्ये धावून येऊ नका. तुम्हाला अधूनमधून १०० टक्के करायला सांगितलेलं असतं, नाहीतर टक्क्यांचा अंदाज चुकतो, माहितीये मला. मग करा की घरी! रात्रभर लावा साध्या प्लगला. आणि हो, काल रात्री मी स्वतः प्लग लावायला विसरले होते, म्हणून ही वेळ आली. माझी चूक. झालं? पुढे.

तर आई म्हणाली, "तू आल्यापासून तीनच टक्के झाले गं." त्या स्क्रीनकडे ती दूध उतू जाईल की काय अशी बघत होती. मला हसू आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला.

९७ला गाडीवाला उगवला. पन्नाशीचा माणूस, हातात लॅपटॉपची बॅग, चालून चालून घामाघूम. मी काच खाली केली आणि जे काही मनात साठलं होतं ते सगळं ओतलं. ८०च्या पुढे फास्ट चार्जर अडवायचा नसतो, एवढं कळत नाही का वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, माझ्या घरी प्लगच नाही. आठवड्यातून एकदा इथे येतो, पूर्ण भरून नेतो. ८०वर निघालो तर मधेच पुन्हा यावं लागतं."

गन काढून, केबल नीट गुंडाळून हुकाला अडकवून गेले. माझ्या आधी किती जण ती केबल जमिनीवर टाकून गेले असतील.

मी सॉरी म्हटलं नाही. अजूनही म्हणणार नाही. काचेवर फोन नंबर लावायला काय जातं?

पण गाडी चालवताना ते "घरी प्लगच नाही" डोक्यातून जाईना. मी इथे तोऱ्यात लिहिलं, घरी करा की. ज्याची स्वतःची पार्किंगची जागा आहे, जिथे आपल्या मीटरवरून वायर ओढता येते, त्याला ही गाडी म्हणजे चैन. रात्री लावली, सकाळी भरलेली. ४० युनिटची बॅटरी ३.३ किलोवॅटच्या प्लगवर बारा-तेरा तासांत काठोकाठ, आणि रोज काही ती रिकामी होत नाही. वर्षभरात माझं बाहेरचं चार्जिंग हातावर मोजण्याइतकं. आणि शिस्तीचे धडे देणार मीच.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाने मागच्या मीटिंगमध्ये चार्जिंग पॉइंट मागितला. "लोड पुरणार नाही," एक म्हणाले. "आग लागेल," दुसरे. मला उत्तरं पाठ होती. ३.३ किलोवॅट म्हणजे गिझर आणि इस्त्री एकदम चालू केल्यासारखं. मीटरपासून स्वतंत्र लाइन, तिला एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग चोख, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नाही. आणि गाड्या वाढल्या तर असलेला लोड आपापसांत वाटून घेणारे चार्जर मिळतात. हे सगळं माझा पॉइंट घेताना मीच वाचून काढलं होतं.

मी गप्प बसले. लोडचा विषय निघाला तर माझाही पॉइंट उकरून काढतील, म्हणून.

आज त्या चार्जरवरून मी ५० टक्क्यांवर निघाले. घरी येऊन गाडी प्लगला लावली, हिरवा दिवा लागला. रात्रीचे साडेअकरा झालेत. बाजूच्या जागेत त्या मुलाची गाडी नाहीये. चार्जिंगला गेला असेल.