काळी दोनचा बेंजो

गेल्या गणपतीला मी हॉलंडमधल्या आइंडहोवनहून अलिबागजवळच्या रेवदंड्याला पोचले, तोवर मंडळाने माझ्या वतीने एक निर्णय घेऊनही टाकला होता. काकांच्या बेंजो पार्टीच्या उरलेल्या सगळ्या कॅसेटी माझ्या बॅगेत घालून हॉलंडला पाठवायच्या आणि तिकडून कॉम्प्युटरवर चढवून आणायच्या. कारण एकच: तिकडची मशिनं चांगली. यावर कुणाचाच आक्षेप नव्हता. भांडण लागलं होतं ते हे मुळात जपायच्या लायकीचं आहे का, यावर.

गुरुजींचं म्हणणं, जपायचं तर नमन जपा, जुनी कोळीगीतं जपा. बेंजो म्हणजे सिनेमाच्या चालींचा गोंगाट, त्यात आपलं काय? पोरांचं म्हणणं, खरखर काढू, मधली बडबड कापू, बेस वाढवू आणि यूट्यूबवर टाकू. काका कोपऱ्यात बसून सुपारी कातरत होते. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

किनाऱ्यापासून लांब राहणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचा बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल बँजो नव्हे. 1912 साली जपानात, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी टायशोगोटो नावाचं वाद्य काढलं. तारा खाली, वर टाइपरायटरसारखी बटणं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं. त्याला तारांचा आवाज पकडणारा पिकअप बसवला, अँप्लिफायरला जोडलं, टेम्पोवर दोन कर्णे बांधले, सोबत ढोल, ताशा, झांज, पुढे कॅसिओ कीबोर्ड आला, की झाली पार्टी. हळद, नारळी पौर्णिमा, विसर्जन, शिमग्याची पालखी, सगळीकडे हीच माणसं. गाणारा बहुधा नसायचाच, बेंजोच गायचा. कुठल्या कंपनीने यांना स्टुडिओत बोलावलं नाही, रेडिओने बोलावलं नाही. जे काही उरलंय ते कुणीतरी ओट्यावर टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डर, ठेवून लाल बटण दाबलं म्हणून.

आता गंमत बघा. ज्या बेंजोला गुरुजींच्या पिढीने गोंगाट म्हणून हिणवलं, तोच बेंजो आज डीजेविरुद्धच्या वादात 'पारंपरिक वाद्य' म्हणून पुढे केला जातो. गेल्या वर्षी गुरुजी स्वतः म्हणाले होते, डीजे नको, बेंजो आणा. मी त्यांना याची आठवण करून दिली नाही. मोठ्या माणसाला चारचौघांत काय म्हणायचं. पण 'आपलं काय' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. भजनातली पेटी पॅरिसहून आली, तिला कुणी परकी म्हणत नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीजातून घडलेली बोली अजून बोलली जाते. तिच्यासाठी परदेशी भाषाशास्त्रज्ञ टेपरेकॉर्डर घेऊन आले. खाडीच्या अलीकडे नागोयाचं वाद्य हळदीत वाजतंय, त्यासाठी आपलेच लोक म्हणतात, कशाला?

मी जिथे राहते ते फिलिप्सचं गाव. 1963 साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने कॅसेट पहिल्यांदा दाखवली. ती घडवणारा लू ओटेन्स 2021 मध्ये वारला तेव्हा इकडच्या पेपरांत केवढं तरी छापून आलं होतं. हिल्व्हरसममध्ये राष्ट्रीय ध्वनिचित्र संग्रहालय आहे. सरकारी पैशातून 2007 ते 2014 अशी सात वर्षं डच लोकांनी आपल्या जुन्या फिल्मा आणि टेपा संगणकावर आणल्या. हे ऐकलं की गावातले लोक मान डोलावतात: बघा, तिकडे कशी कदर आहे. पण माझ्या शेजाऱ्याच्या पंक बँडच्या कॅसेटी काही कुणी सरकारने मागितल्या नाहीत. त्या त्याने स्वतःच, गॅरेजात बसून, तीन हिवाळे घालवून उतरवल्या. कदर तिकडेही अशी आपोआप होत नाही. मोठ्या संस्था मोठ्यांचं जपतात. गल्लीतल्या बँडचं गल्लीतल्याच कुणालातरी करावं लागतं.

त्याच गॅरेजात मी माझी चूक केली. दोन वर्षांपूर्वी काकांच्या तीन कॅसेटी नेल्या होत्या. शेजाऱ्याने सगळं शिकवलं. आधी कॅसेट उघडून बुरशी बघायची. टेप जिथे हेडवर, म्हणजे आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबते तिथली नमद्याची बारीक पट्टी बहुतेक गळून पडलेली असते, ती नवी लावायची. डेकचं हेड प्रत्येक कॅसेटला स्क्रूने जुळवून घ्यायचं, कारण रेकॉर्ड करणाऱ्या मशीनचं हेड जेवढं तिरकं तेवढंच वाजवणाऱ्याचं हवं, नाहीतर झांजेची सगळी धार जाते. उतरवायचं 96 किलोहर्ट्झ, 24 बिटला. तासाला दोन जीबी जागा लागते, लागू दे. खरखर अजिबात काढायची नाही, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची. मी सगळं केलं. घरी फोन लावून काकांना मोठ्या ऐटीत ऐकवलं.

काका दोन मिनिटं ऐकत राहिले. म्हणाले, "बाय, हे आपलं नाय."

"काका, तुमचीच कॅसेट आहे. वर तुमचंच अक्षर आहे."

"अक्षर आपलं. वाजतंय ते पांढरी तीन हाय. आपला बेंजो काळी दोनला लावलेला असायचा. कायम."

पेटीच्या पट्ट्यांत काळी दोनला लागूनच पुढची पांढरी तीन, म्हणजे अर्धा सूर वर. मी फाइल पुन्हा उघडली. विजेची गुणगुण भारतातही 50 हर्ट्झची आणि हॉलंडमध्येही. रेकॉर्डिंगमध्ये अँप्लिफायरची ती गुणगुण 53 वर दिसत होती. म्हणजे त्या रात्री टू-इन-वनचे सेल उतरले होते, टेप हळू फिरली होती, आणि आता नीट वेगाने वाजवली की सगळी पार्टी घाईत असल्यासारखी वाजत होती. दुसऱ्या कॅसेटला तर ही खूणही उपयोगाची नव्हती. तिथे वीज जनरेटरची, आणि त्याचा आकडा त्याच्या मूडवर. तिथे फक्त काकांचा कान. तिसऱ्या कॅसेटवर ताशा कोण वाजवतंय, हे मला सांगता आलं नाही आणि सॉफ्टवेअरला तर नाहीच नाही. काकांनी चार ठोक्यांत ओळखलं. तो माणूस निसर्ग वादळाच्या आदल्या वर्षी गेला.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. कॅसेटी हॉलंडला न्यायच्या नाहीत, डेक गावात आणायचा. टेपमधून आवाज बाहेर काढणं हे काम चांगल्या मशीनचं खरं, पण तो आवाज कुणाचा, कुठल्या रात्रीचा, कुठल्या सुरातला, हे कॅसेटवर नाही. ते ओट्यावर सुपारी कातरत बसलंय. युनेस्को आणि ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2019 मध्येच इशारा दिला होता, की 2025 च्या सुमारास टेप वाजवणारी चांगली यंत्रं आणि सुटे भाग मिळणं कठीण होईल. ती मुदत संपली. यंत्रं मला अजून जुन्या बाजारात मिळतात. काकांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे.

परदेशी नेलेलं परत येतंच असंही नाही. माझा मामा कुवेतला होता. हळदीच्या, पालखीच्या कॅसेटींच्या प्रती करून त्याला पाठवायचो. शुक्रवारी खोलीवर सगळे मिळून ऐकायचे. 1990 च्या ऑगस्टमध्ये इराक कुवेतमध्ये घुसला तेव्हा तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. त्यातल्या काही कॅसेटींची मूळ प्रत आमच्याकडे होती, ती 3 जून 2020 ला निसर्गने पत्रे उडवले तेव्हा ट्रंकेसकट भिजली. उरल्या त्रेचाळीस. बॅगेत घालून त्या विमानतळाच्या पट्ट्यावर सोडायला माझं मन होत नाही.

आता पोरांचा मुद्दा. 'मधली बडबड' कापायची म्हणतात. ती बडबड म्हणजे काय? पाटलांकडून पन्नास रुपये बक्षीस. मधल्या आळीकडून अकरा रुपये आणि एक नारळ. कुणाची होडी ओढायला माणसं हवीत, पहाटे चारला बंदरावर या. वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने 2011 पासून आपल्या शेकडो कार्यक्रमांची रेकॉर्डिंग लोकांसाठी खुली केली. गाण्यांमधलं बोलणं, प्रेक्षकांशी लागलेली खडाजंगी, सगळं तसंच ठेवून. त्यांना जे जमलं ते आपल्याला का नको? सिनेमाच्या चाली मला पाठ आहेत, त्या कुठेही ऐकता येतात. अकरा रुपये आणि नारळ कुठे ऐकू येणार? आणि यूट्यूबवर टाकायचं म्हटलं तर त्या चालींचे मालक मुंबईत बसलेत, व्हिडिओ दोन दिवसांत खाली येईल. वाजवणाऱ्यांचाही हक्क आपल्या कायद्यात आहे, पन्नास वर्षांचा; तो पार्टीतल्या पोरांना कुणी कधी सांगितलेला नाही.

सगळंच खुलं करा, हा शेजाऱ्याचा डच हट्ट मात्र मला गावात लागू करता येत नाही. एका कॅसेटवर विसर्जनातलं भांडण आहे, नावं घेऊन, आई-बहिणीवरून. ज्यांच्यात झालं त्यांची नातवंडं आज एकाच शाळेत जातात. ती कॅसेट उतरवायची, पाकिटात घालून ठेवायची, वाजवायची नाही. शेजारी याला सेन्सॉरशिप म्हणाला. त्याच्या गावात माणसं रागावली की दुसऱ्या शहरात राहायला जातात. आमच्याकडे विहीर एकच.

बैठकीत मी यातलं निम्मंच बोलू शकले. ठराव मागे घेतला गेला नाही, फक्त पुढच्या वर्षावर ढकलला. पण विसर्जनानंतर पाच दिवस काकांच्या पडवीत डेक लावला आणि नऊ कॅसेटी झाल्या. पहिल्या दिवशी काका आणि मी. तिसऱ्या दिवशी झांजवाले आले, मुरूडहून जुने कॅसिओवाले आले, आणि कोण चुकलं यावरून चाळीस वर्षांपूर्वीचं भांडण पुन्हा सुरू झालं. तेही मी रेकॉर्ड केलं. चौथ्या दिवशी गुरुजी सहज म्हणून डोकावले. 1986 च्या पालखीत मधे भाषण करणारा आवाज त्यांचाच निघाला. पूर्ण ऐकून गेले.

पाचव्या दिवशी डेकचा बेल्ट दमट हवेने सुटला. आइंडहोवनला आल्यावर मी चार बेल्ट घेऊन ठेवलेत. काकांनी शिवाय चुंबक नसलेला बारीक स्क्रूड्रायव्हर आणायला सांगितलाय, गावातला म्हणे हेडजवळ न्यायच्या लायकीचा नाय.