दर वाक्याला एक ईडियम म्हणे!

‘रोज हे 25 ईडियम्स बोला आणि इंग्रजांसारखे इंग्रजी बोला’ अशा मथळ्याचा एक मजकूर सध्या नागपुरातल्या नातेवाइकांच्या, सोसायट्यांच्या आणि क्लासच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. त्यात ईडियम्सबद्दल, म्हणजे वाक्प्रचारांबद्दल, चार दावे आहेत. इंग्रज माणूस दर दुसऱ्या वाक्यात वाक्प्रचार वापरतो. साध्या शब्दाच्या जागी वाक्प्रचार घातला की भाषेला उंची येते. या वाक्प्रचारांमागे सोळाव्या शतकातल्या खऱ्या घटना आहेत. आणि मुलाखतीत वा परीक्षेत त्यांना जादा गुण मिळतात, असे त्यात ठासून सांगितले आहे. हा मजकूर माझ्याकडे यापूर्वीही येऊन गेला होता आणि मी तो न वाचल्यासारखा पुसून टाकला होता. नागपूरच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कंपनीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने मात्र तो वहीत उतरवून पाठ करायला घेतला, तेव्हा त्याचा समाचार घेणे भाग पडले.

पहिला दावा मोजून तपासता येतो आणि तो तपासलाही गेलेला आहे. कोशकार्याचा अनुभव असलेल्या रोझामंड मून यांनी सुमारे 1 कोटी 80 लाख शब्दांच्या इंग्रजी संग्रहात हजारो ठरीव शब्दबंध (वाक्प्रचार, म्हणी वगैरे) शोधून त्यांची वारंवारता मोजली. हा अभ्यास 1998 साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. त्यांतले बहुसंख्य शब्दबंध दहा लाख शब्दांमागे एकदाही आढळले नाहीत. मिनिटाला दीडशे शब्द या वेगाने कुणी अखंड बोलत राहिला, तर दहा लाख शब्द संपायला शंभराहून अधिक तास लागतील, आणि तेवढ्या वेळात यांपैकी एखादा विशिष्ट वाक्प्रचार त्याच्या तोंडून कदाचित एकदाही निघणार नाही. हा संग्रह मुख्यतः लेखी मजकुराचा होता हे खरे, पण वृत्तपत्री लेखनाला तर अशा शब्दबंधांची विशेष हौस असते आणि तिथेही ही स्थिती आहे. ‘दर दुसऱ्या वाक्यात’ हा शोध लावणाऱ्याने इंग्रजी ऐकले कुठे, हे त्यालाच ठाऊक.

दुसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. मजकुरात प्रत्येक वाक्प्रचारासमोर एकेक साधा शब्द दिला आहे आणि ‘याऐवजी हे बोला’ असा आदेश आहे. ‘डाय’ऐवजी ‘किक द बकेट’ बोला, असेही त्यात आहे. कुणाशी, कोणत्या प्रसंगी, मरण पावलेला माणूस बोलणाऱ्याचा कोण, यांबद्दल अवाक्षर नाही. भाचीच्या वहीत ‘टेल अस अबाउट युअर फॅमिली’ या प्रश्नाखाली निळ्या शाईत सुवाच्य अक्षरांत उत्तर लिहिलेले होते: ‘माय ग्रँडफादर किक्ड द बकेट लास्ट डिसेंबर’, आणि वाक्प्रचार लक्षात राहावा म्हणून त्याखाली लाल रेघ ओढलेली होती. ज्या आजोबांनी तिला शाळेत असताना रोज सायकलवर नेऊन सोडले, त्यांच्याबद्दल ही मुलगी परक्या माणसांसमोर, आपण शिष्ट इंग्रजी बोलतो आहोत अशा समजुतीने, ‘म्हातारा खपला’ असे सांगणार होती. समोरच्यांनी ते ऐकून एकमेकांकडे पाहिले असते आणि काय चुकले ते तिला कधीच कळले नसते, कारण मुलाखतीत अशी चूक कुणी दाखवून देत नाही, पुढचा प्रश्न विचारतात.

या वाक्प्रचाराची पहिली ठळक नोंद फ्रान्सिस ग्रोसच्या 1785 च्या कोशात सापडते, आणि तो कोश प्रतिष्ठितांच्या भाषेचा नव्हता. लंडनच्या गल्ल्यांतली, चोर-शिपाई-खलाशांच्या तोंडची ग्राम्य बोली गोळा करण्यासाठी ग्रोसने तो केला होता. म्हणजे जन्मापासूनच हा शब्दप्रयोग थट्टेचा आहे. सांत्वनाला इंग्रजीत ‘पास्ड अवे’ आहे, साधे ‘डाइड’ आहे, आणि ‘आय ॲम सॉरी फॉर युअर लॉस’ एवढे म्हटले तरी पुरते. ज्याने हा तक्ता तयार केला त्याने अर्थ दिला आणि सूर गाळला. वाक्प्रचाराच्या बाबतीत सूर गाळला की उरलेला अर्थ चुकीच्या ठिकाणीच जाऊन पडतो.

तिसऱ्या दाव्यातील गोष्टी करमणुकीच्या आहेत, म्हणूनच त्या सर्वांत जास्त पुढे पाठवल्या जातात. त्यांचे मूळ 1999 साली इंग्रजीत ई-मेलने फिरलेल्या, सोळाव्या शतकातले जीवन सांगण्याचा आव आणणाऱ्या एका बनावट मजकुरात आहे. मराठीत तो आता नव्याने अवतरला आहे. त्यानुसार गवती छपरांवर कुत्री-मांजरे झोपत, पावसात छप्पर निसरडे झाले की ती खाली घसरत, आणि म्हणून मुसळधार पावसाला ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’. विदर्भातल्या खेड्यात शाकारलेले उतरते छप्पर ज्याने पाहिले आहे, त्याने एवढाच प्रश्न विचारावा की भर पावसात कोणते शहाणे कुत्रे आडोसा सोडून त्या उतारावर जाऊन झोपेल. लेखी पुरावे निराळेच आहेत: हेन्री व्हॉनच्या 1651 च्या कवितेत कुत्र्या-मांजरांची सर येते, रिचर्ड ब्रोमच्या 1653 मध्ये छापलेल्या नाटकात मांजरांऐवजी पोलकॅट नावाचा मुंगसासारखा प्राणी पडतो, आणि आजचा शब्दक्रम जोनाथन स्विफ्टच्या 1738 च्या लेखनात दिसतो. ही कल्पना कशावरून आली, याचे निश्चित उत्तर कोशकारांकडे नाही. नागपुरात जुलैच्या धो-धो पावसात भिजत कार्यालयात पोचलेल्याने ‘इट्स पोअरिंग’ म्हटले तरी सर्वांना कळते.

‘डोन्ट थ्रो द बेबी आउट विथ द बाथवॉटर’ (नको ते टाकताना हवे तेही टाकू नका) या म्हणीची कहाणी याहून बेताल आहे. म्हणे, वर्षातून एकदा सारे घर एकाच टबात न्हात असे आणि शेवटी पाणी इतके काळे होई की त्यात बाळ दिसेनासे होई. मुळात ही म्हण इंग्रजीच नाही. थॉमस मुर्नर या जर्मन लेखकाच्या 1512 च्या उपहासकाव्यात ती आहे, सोबत बाळासकट पाणी फेकणाऱ्या बाईचे चित्रही आहे, आणि इंग्रजीत ती रुळली एकोणिसाव्या शतकात, थॉमस कार्लाइलने 1849 साली ती वापरल्यानंतर. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ म्हणजे ऐन वेळी सुटका होणे. त्यातली घंटा मजकुरात म्हटल्याप्रमाणे जिवंत पुरलेल्या माणसाने शवपेटीतून दोर ओढून वाजवलेली नसून मुष्टियुद्धातली फेरी संपल्याची आहे. ‘ब्रेक अ लेग’ने ऑपरेशनला निघालेल्याला शुभेच्छा द्याव्यात, ही सूचना मी चर्चेला घेत नाही, ते रंगमंचावर जाणाऱ्याला म्हणतात.

चौथ्या दाव्यात थोडे तथ्य आहे, आणि ते नाइलाजाने का होईना मान्य केले पाहिजे. एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेच्या अभ्यासक्रमात वाक्प्रचार व त्यांचे अर्थ आहेत, केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठीच्या स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेतही ते विचारतात. त्यासाठी यादी पाठ करावीच लागते. तिथे मात्र चार पर्यायांतून अर्थ ओळखायचा असतो, वाक्प्रचार बोलायचा नसतो. परदेशी जाणाऱ्यांचे इंग्रजी तपासणाऱ्या आयईएल्टीएस या परीक्षेच्या बोलण्याच्या चाचणीत सातव्या बँडच्या (गुणश्रेणीच्या) वर्णनात ‘इडिओमॅटिक’ शब्दसंपदेचा उल्लेख आहे, पण त्याच वाक्यात शैलीचे आणि शब्दांच्या नैसर्गिक जोड्यांचे भान असावे असेही म्हटले आहे, आणि हा अर्धा भाग मजकुरातून सोयीस्करपणे गळला आहे. ‘रन आउट ऑफ टाइम’, ‘मेक अप माय माइंड’, ‘गेट बॅक टू यू’ हे त्या भानात बसणारे प्रयोग कानावर सतत पडतात. पंचवीसच्या यादीत त्यांतला एकही नाही, कारण त्यांच्यामागे सांगायला गोष्ट नाही.

यादीतले चार-दोन वाक्प्रचार बोलण्यात खरोखर चालतात, पण तेही अटींवर. ‘पीस ऑफ केक’ सोप्या कामासाठी मित्रांत चालतो. मुलाखतीत तो फुशारकीचा वाटतो. ‘अंडर द वेदर’ म्हणजे थोडेसे बरे नसणे. डेंग्यूने मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात भरती असलेल्या माणसाबद्दल तो वापरू नये. ‘ऑन द सेम पेज’ (एकमत असणे) आणि ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ (आता पुढचे पाऊल तुमचे) हे कार्यालयांत इतके वापरले जातात की ते ऐकून समजले पाहिजेत. न समजल्यास ‘सॉरी, व्हॉट डू यू मीन?’ असे विचारण्यात काहीही कमीपणा नाही. ‘कॉल इट अ डे’ म्हणजे आजचे काम इथेच थांबवणे. मुलाखतीत हे वाक्य उमेदवाराने म्हणायचे नसते, ते टेबलापलीकडच्याने म्हणायचे असते.